मूळ संख्यांसाठी नाव पणाला लावणारे कोसंबी

हैदराबाद : ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातले गणितज्ञ हैदराबादला जमले होते. गणितज्ञांची ही आंतरराष्ट्रीय परिषद भारतात पहिल्यांदाच भरत होती. मूळ संख्यांविषयीचा एक जुना प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता, आजही सुटलेला नाही. याच प्रश्नापायी एका मराठी माणसाने आपलं नाव पणाला लावलं होतं. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतो. पण त्यांचा पेशा गणिताचा. जन्म ३१ जुलै १९०७, पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यात. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे गाढे अभ्यासक. हार्वर्डची पदवी १९२९ ची. परतल्यावर बनारस, अलीगढ आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकवलं. १९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतलं.

आता तो प्रश्न. १ आणि स्वतः सोडून ज्या संख्येला कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. १०० पर्यंत अशा २५ आहेत, १००० पर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. पुढे त्या विरळ होतात, पण संपत नाहीत. अमुक आकड्यापर्यंत त्या साधारण किती, हे सूत्राने सांगता येतं. हा अंदाज जास्तीत जास्त किती चुकू शकतो, याची मर्यादा जर्मन गणितज्ञ रीमन यांच्या १८५९ च्या तर्कातून मिळते. तो तर्क मात्र अजून कुणालाच सिद्ध करता आलेला नाही.

कोसंबी या प्रश्नाकडे संख्याशास्त्राच्या वाटेने गेले. संख्यांच्या रांगेचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात किती मूळ संख्या पडतात, ते योगायोगाच्या नियमांशी ताडून बघायचं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात त्यांनी रीमनचा तर्क सिद्ध केल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. चार मुठी धान्य बघून पोत्याचा भाव ठरवता येतो. पण पोत्यात एकही खडा नाही असं छातीठोक सांगायचं, तर दाणा न् दाणा बघावा लागतो. गणितातली सिद्धता म्हणजे हे दुसरं काम.

दाव्याचा फटका त्यांच्या नावाला बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतला त्यांचा करारही पुढे वाढवला गेला नाही. तरी त्यांनी विषय सोडला नाही. १९६३ मध्ये मूळ संख्यांच्या वाटणीवरचा त्यांचा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५८. इतिहासाची त्यांची पुस्तकं आजही वाचली जातात. मूळ संख्यांवरचं पुस्तक मात्र छापून आलंच नाही.