पाठीवरचा हात : श्वार्ट्झ पाद्री

तिरुवैयारु म्हटले की कावेरीचा काठ, त्यागराजांची समाधी आणि त्यांची वार्षिक आराधना डोळ्यांसमोर उभी राहते. त्यागराज येथे आपल्या कृती रचीत होते, त्याच काळात काही कोसांवरील तंजावरच्या गादीवर भोसले कुळातील सरफोजीराजे होते. या विद्याव्यासंगी राजाच्या पाठीवर बालपणी एका परदेशी पाद्र्याचा हात होता.

क्रिस्टियन फ्रीडरिश श्वार्ट्झ यांचा जन्म 1726 साली प्रशियात झाला. 1750 साली ते धर्मप्रसारासाठी तरंगंबाडीस उतरले आणि पुढे तिरुचिरापल्लीहून तंजावरास स्थायिक झाले. आजन्म अविवाहित राहिलेल्या या पाद्र्याने तमिळ आत्मसात केली, तशीच दरबारातील मंडळींशी बोलता यावे म्हणून मराठीही. हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला, तेव्हा दरबाराच्या वचनावर विश्वास न ठेवणारी रयत श्वार्ट्झ यांच्या शब्दावर आपापल्या शेतांकडे परतली. तिरुनेलवेलीच्या वेदनायगम् नावाच्या मुलाला त्यांनी तंजावरास आणून शिकविले. तो पुढे तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून कीर्तीस चढला.

1787 साली तुळजाराजांनी सरफोजींना दत्तक घेतले आणि मृत्युसमयी नऊ वर्षांच्या या बालकाची काळजी श्वार्ट्झ यांच्यावर सोपविली. सत्ता मात्र अमरसिंहांच्या हाती गेली. बालक जवळजवळ कैदेत पडले, शिक्षणाची हेळसांड झाली. साठी ओलांडलेल्या श्वार्ट्झ यांच्यापाशी ना फौज होती, ना खजिना. त्यांनी मुलाची विचारपूस सोडली नाही, त्याच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि मद्रासच्या कंपनी सरकाराकडे त्याची बाजू मांडीत राहिले. अखेर 1793 साली सरफोजींना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले.

13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ तंजावरास निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांतच सरफोजी गादीवर आले. त्यात कंपनीचा स्वार्थ होताच; 1799 च्या तहाने राज्यकारभार तिच्याकडे गेला. परंतु बालपणी लागलेली ज्ञानाची ओढ कोणत्याही तहाने हिरावली नाही. सरफोजींनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत आणविल्या.

सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही. बृहदीश्वराचे ते भक्तच राहिले. तरीही आपल्या पाद्री गुरूचे संगमरवरी स्मारक त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. अंथरुणाला खिळलेले श्वार्ट्झ आणि त्यांच्या भेटीस आलेला तरुण राजा, असे ते शिल्प आहे. ख्रिस्ती सेवाधर्माचे सार त्यात साठवले आहे. विचारपूस, आग्रह, एखादे पत्र, दिलेला शब्द पाळणे. या साऱ्या गोष्टी लहानच. पण एकाकी मुलाला त्यांचाच आधार पुरला. घरापासून दूर आलेल्या आपणा कुटुंबांना, शेजारच्या एखाद्या मुलाच्या पाठीवर असा हात ठेवणे अशक्य आहे काय?