कार्ल लँडस्टायनर

मुलांनो, उर्दूत आपण रक्ताला ‘खून’ म्हणतो; मराठीत मात्र ‘खून’ म्हणजे हत्या. पूर्वी रोग्याला दुसऱ्याचे रक्त देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळच होता. कोणी वाचे, तर कोणी रक्त अंगात जाताच तडफडून मरे. असे का होते, हे डॉक्टरांनाही कळत नव्हते. हे कोडे कार्ल लँडस्टायनर यांनी सोडवले.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने त्यांना वाढवले. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. पण त्यांचे मन प्रयोगशाळेतच रमले.

त्यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले. त्यातील तांबड्या पेशी व पिवळसर पातळ भाग वेगळे केले. मग एकाच्या पेशी दुसऱ्याच्या पातळ भागात मिसळल्या. कुठे पेशी सुट्या राहिल्या, कुठे त्यांच्या गुठळ्या झाल्या. सर्वांचे रक्त सारखे नसते, हे यावरून सिद्ध झाले. १९०१ मध्ये त्यांनी तीन रक्तगट जाहीर केले. त्यांनाच पुढे ए, बी आणि ओ ही नावे मिळाली. चौथा एबी गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

महायुद्धानंतर ऑस्ट्रियात हलाखी आली. तेव्हा ते हॉलंडला व नंतर अमेरिकेला गेले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही ते थांबले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी डॉ. वीनर यांच्यासह रक्तातील आर. एच. घटक शोधला. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम इतरांनी पुढे नेले. ए आणि बी गटांच्या पेशींवर निरनिराळ्या शर्करेचे कण असतात. ओ गटाच्या पेशींवर ते नसतात. म्हणून ओ गटाच्या पेशी बहुतेकांना चालतात. पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की त्याला ओ गटाचे रक्तही चालत नव्हते. तोच ‘बॉम्बे रक्तगट’ होय.

शर्करेचा तो कण काढून टाकला तर? १९८२ मध्ये अमेरिकेत कॉफीच्या बियांतील विकर वापरून बी गटाच्या पेशी ओसारख्या केल्या गेल्या. त्या निरोगी माणसांना दिल्या, तेव्हा अपाय झाला नाही. ए गटाच्या पेशी बदलणे अधिक अवघड आहे. ही पद्धत अजून रोजच्या वापरात आलेली नाही. संशोधन चालू आहे.

नाशिकच्या रक्तपेढीत कधी गेलात, तर रक्ताच्या पिशवीवरील अक्षर जरूर पाहा. त्या एका अक्षराने किती जीव वाचवले आहेत, हे तुम्हांला आता ठाऊक आहे. लँडस्टायनर यांचा जन्मदिवस, १४ जून, जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.