जकातनाक्यावरचा चित्रकार

फ्रान्सच्या पश्चिम भागात मायेन नदीच्या काठी लाव्हाल नावाचे एक जुने गाव आहे. या गावाच्या तटाला एक वेस असून तिच्या बुरुजालगतच्या घरात २१ मे १८४४ रोजी आंरी रूसो याचा जन्म झाला. वेशीपाशी जन्मलेल्या या मुलाला पुढे बावीस वर्षे वेशीवरचीच चाकरी करावी लागली, हा एक विलक्षण योगायोगच म्हटला पाहिजे.

रूसोचा बाप पत्र्याच्या वस्तू बनवून विकत असे. पुढे तो कर्जबाजारी झाला, घरावर जप्ती आली आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. आंरी अभ्यासात सामान्यच होता. चित्रकला आणि संगीत या दोन विषयांत मात्र त्याने शाळेत बक्षिसे मिळविली. परंतु चित्रकला शिकविण्याइतका पैसा घरात कोठून येणार? तो एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. तेथे काही फ्रँक आणि टपालाची तिकिटे यांचा त्याला मोह झाला आणि त्याबद्दल त्याला तुरुंगवास घडला. पुढे तो सैन्यात गेला व १८६८ साली तेथून सुटून पॅरिसला आला.

१८७१ साली त्याला पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी मिळाली. त्या काळी शहरात येणारे मद्य, धान्य इत्यादी मालावर वेशीवरच कर घेतला जाई. आपल्याकडेही शहरोशहरी असे जकातनाके पुष्कळ वर्षे होते, हे तुम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. काम हलक्या दर्जाचे, पगार बेताचा. परंतु गाड्या नसत तेव्हा मोकळा वेळ बराच मिळे. घरी दुःखाला अंत नव्हता. त्याची बहुतेक मुले लहानपणीच दगावली आणि १८८८ साली पत्नीही निवर्तली. अशा या आयुष्यात चाळिशीच्या सुमारास रूसोने कुंचला गांभीर्याने हाती धरला. १८८४ साली त्याने लूव्र या जगद्विख्यात संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना मिळविला. कोणत्याही कलाशाळेची पायरी मात्र तो कधी चढला नाही.

फ्रान्समधील सरकारमान्य प्रदर्शनात परीक्षकांच्या पसंतीवाचून चित्र लागत नसे. या निर्बंधाला कंटाळलेल्या कलावंतांनी स्वतःचे एक प्रदर्शन सुरू केले होते. तेथे परीक्षक नव्हते. ठराविक वर्गणी भरावी आणि चित्र टांगावे. १८८६ पासून रूसो जवळजवळ दरवर्षी आपली चित्रे तेथे नेऊ लागला आणि दरवर्षी लोक ती पाहून पोट धरधरून हसू लागले.

लोकांच्या हसण्याला कारण नव्हते असे नाही. रूसोला माणसाचे हातपाय नीट जमत नसत. त्याची माणसे जमिनीवर उभी राहण्याऐवजी तरंगत आहेत असे वाटे. जवळचे आणि दूरचे यांतील प्रमाण वारंवार चुके. चित्र काढताना तो समोरच्या मनुष्याचे नाक, कान आणि कपाळ शिंप्याप्रमाणे मोजून घेई, असे सांगतात. परंतु त्याच्या प्रत्येक पानाला धार असे, प्रत्येक रंग स्वच्छ आणि ठाम असे; आणि एकदा पाहिलेले त्याचे चित्र मनातून जात नसे. १८९१ साली त्याने वादळात सापडलेला वाघ रंगविला. पावसाच्या तिरप्या, बारीक रेघांतून तो दात विचकून पुढे येतो. ते पाहून व्हालोतों या तरुण स्विस चित्रकाराने वर्तमानपत्रातून त्याची मनापासून स्तुती केली. असा जाणकार क्वचितच भेटे. बाकीची टीका बहुधा थट्टेचीच असे. रूसो ती कात्रणे कापून एका वहीत चिकटवून ठेवी आणि पुन्हा चित्राकडे वळे.

१८९३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून तो व्हायोलिनच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या करी. १८९७ साली त्याने वाळवंटात चांदण्या रात्री निजलेली एक भटकी स्त्री आणि तिला हुंगणारा सिंह असे मोठे चित्र काढले. ते आपल्या जन्मगावी असावे अशी त्याची फार इच्छा होती. त्याने लाव्हालच्या नगराध्यक्षाला पत्र लिहून ते विकत देऊ केले. गावाने ते घेतले नाही. मला वाटते, प्रदर्शनातील परक्यांच्या हसण्यापेक्षा हा नकार त्याला अधिक लागला असावा.

त्याच्या अरण्यचित्रांविषयी एक दंतकथा प्रसिद्ध आहे. सैन्यात असताना तो मेक्सिकोला गेला आणि तेथील जंगले त्याने डोळ्यांनी पाहिली, असे लोक म्हणत. तोही ते खोडून काढीत नसे. वस्तुतः तो फ्रान्सच्या बाहेर कधी गेलाच नाही. पॅरिसमधील वनस्पती-उद्यानातील काचगृहांत तो तासन् तास हिंडे. तेथील झाडांची पाने, शेजारच्या पिंजऱ्यांतील पशू आणि प्राण्यांची सचित्र पुस्तके एवढ्याच सामग्रीतून त्याने आपले घनदाट अरण्य उभे केले. त्यात पाने माणसाहून मोठी आहेत आणि हिरव्या रंगाच्या छटा तर मोजता येऊ नयेत इतक्या.

१९०७ साली त्याच्यावर मोठे संकट ओढवले. एका ओळखीच्या माणसाच्या नादी लागून त्याने बँकेत खोट्या नावाने खाते उघडले आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात तो अडकला. हा मनुष्य किती भोळा आहे हे पटविण्यासाठी न्यायालयात त्याची चित्रेच पुढे करण्यात आली! १९०९ साली त्याला शिक्षा झाली, पण ती तहकूब ठेवण्यात आली. तो अगदीच निर्दोष होता असे म्हणवत नाही.

याच काळात तरुण चित्रकारांचे लक्ष त्याच्याकडे वळले होते. पिकासोला एका जुन्या सामानाच्या दुकानात रूसोने काढलेले एका स्त्रीचे चित्र पाच फ्रँकला मिळाले. त्यावर पुन्हा रंगवता येईल, एवढीच दुकानदाराच्या मते त्या कापडाची किंमत! पिकासोने ते जन्मभर जपून ठेवले. १९०८ साली त्याने आपल्या चित्रशाळेत रूसोच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. मागविलेले जेवण वेळेवर आलेच नाही. खोक्यावर मांडलेल्या उच्चासनी रूसो बसला होता. वरच्या कंदिलातील मेण त्याच्या डोक्यावर ठिबकत होते आणि तो आनंदाने व्हायोलिन वाजवीत होता. त्या समारंभात थट्टा किती आणि आदर किती, याविषयी लोक अजून वाद घालतात. रूसोने मात्र तो सगळा आदरच मानला.

१९१० च्या वसंतात त्याने आपले अखेरचे भव्य अरण्यचित्र प्रदर्शनात मांडले. त्याच वर्षी पायाची जखम चिघळून २ सप्टेंबर रोजी पॅरिसच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. प्रेतयात्रेला मोजकी सात माणसे होती आणि दफन गरिबांच्या जागेत झाले. पुढे मित्रांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी स्वतंत्र जागा घेतली. कवी आपोलिनेर याने मृत्युलेख रचला आणि १९१३ साली शिल्पकार ब्रांकुशी याने तो दगडात कोरला.

लाव्हालने नाकारलेले चित्र १९२४ साली पुन्हा उजेडात आले आणि १९३९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात दाखल झाले. १९४७ साली लाव्हालच्या लोकांनी रूसोच्या अस्थी पॅरिसहून आणविल्या. गावातील पेरीन नावाच्या बागेत, झाडांच्या सावलीत, त्याची समाधी आहे.