जोसेफ प्रीस्टली

जोसेफ प्रीस्टली (२४ मार्च १७३३ – ६ फेब्रुवारी १८०४) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ, धर्मोपदेशक व शिक्षक होते. ऑक्सिजनच्या शोधासाठी ते विशेष प्रसिद्ध असले, तरी वायूंवरील त्यांच्या संशोधनाचा आरंभ बिअरच्या कारखान्यात वाया जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून झाला. हा वायू पाण्यात मुरवण्याची त्यांची रीत ही सोडावॉटर उद्योगाची पूर्वपीठिका होय.

सुरुवातीचे जीवन

प्रीस्टली यांचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील बर्स्टॉलजवळ झाला. लहानपणीच आईचे निधन झाल्याने आत्याने त्यांचा सांभाळ केला. त्यांचे कुटुंब अधिकृत चर्चबाहेरील पंथाचे होते. अशा पंथीयांना ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे पदवी मिळत नसे. त्यामुळे त्यांनी डॅव्हेंट्री येथील पंथीय विद्यालयात शिक्षण घेतले. १७६६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

लीड्स येथील प्रयोग

१७६७ मध्ये प्रीस्टली लीड्स येथील मिल हिल चॅपेलचे धर्मोपदेशक झाले. त्यांच्या घराला लागूनच बिअरचा कारखाना होता. तेथील हौदांत बिअर आंबत असताना द्रवाच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचा जाड थर साचे. त्या काळी या वायूला 'स्थिर वायू' म्हणत. या थरात जळती मेणबत्ती विझते आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या काठावरून खाली वाहतो, हे त्यांनी पाहिले. हौदावर दोन भांडी धरून एकातून दुसऱ्यात वारंवार पाणी ओतल्यास त्यात वायू विरघळतो व पाण्याला सुखद आंबूस चव येते, असे त्यांना आढळले.

पुढे घर बदलल्यावर हा आयता पुरवठा संपला. तेव्हा त्यांनी खडूवर सल्फ्युरिक आम्ल टाकून वायू तयार केला आणि तो प्राण्याच्या मूत्राशयाच्या पिशवीतून पाण्यात सोडला. यंत्राने दाब वाढवल्यास पाण्यात अधिक वायू मुरवता येईल, असेही त्यांनी सुचविले. ही कृती त्यांनी १७७२ मध्ये पुस्तिकारूपाने सर्वांसाठी प्रसिद्ध केली. हे पाणी खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर गुणकारी ठरेल, ही त्यांची अपेक्षा मात्र चुकीची ठरली. १७७३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. त्यांनी या शोधातून पैसा मिळवला नाही. त्याचा मोठा व्यापार पुढे योहान याकोब श्वेप यांनी उभारला.

उत्तरायुष्य

१ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टली यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे ऑक्साइड तापवले व ऑक्सिजन मिळवला. तथापि फ्लॉजिस्टॉन सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. फ्रेंच राज्यक्रांतीला व धार्मिक समतेला पाठिंबा दिल्यामुळे त्यांच्यावर रोष ओढवला. जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅम येथे जमावाने त्यांचे घर व प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. १७९४ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलँड येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

द्रवात विरघळणारा वायू त्यावरील दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केला. बंद पिंपातील बिअर थंड ठेवून, सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइडचा दाब नियंत्रित करून तिच्यात फेस राखला जातो, तो याच तत्त्वावर. बिअर आंबताना हवेत निघून जाणारा वायू अशा रीतीने पुन्हा बिअरच्याच उपयोगी पडतो.