चौथी शिकलेले जमनालालजी

आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांना बजाज हे नाव पहिल्यांदा कळलं ते स्कूटरमुळे. शाळेच्या सायकल स्टँडला लागून सरांच्या चेतक उभ्या असायच्या. बजाज नावाचे एक गृहस्थ आपल्याच गावात राहत होते आणि गांधीजी वर्ध्याला आले ते मुख्यतः त्यांच्यामुळे, हे पुढे इतिहासाच्या तासाला कळलं आणि परीक्षेनंतर बहुतेकांनी सोडून दिलं. गेली वीस-बावीस वर्षं मी संगणकाच्या धंद्यात आहे. कंपनीत नवीन आलेल्या मुलांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माणूस नेमका कसा शिकतो या प्रश्नाने मला पछाडलं. त्याची उत्तरं शोधताना फिरून फिरून वर्ध्याला यावं लागलं आणि वर्ध्याला आलं की जमनालालजींपाशी. स्मरणिकेत आपापल्या आठवणी सगळेच लिहितील, म्हणून मी त्यांच्यावर लिहिते आहे.

जमनालालजींचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा, राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यातला. घरची परिस्थिती साधारण. वर्ध्याचे शेठ बच्छराज मोठे व्यापारी होते, पण त्यांचा दत्तक मुलगा वारला होता आणि घराला वारस नव्हता. पाच वर्षांच्या जमनालालला त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं. मुलाच्या बदल्यात आईवडिलांनी पैसा घेतला नाही, गावासाठी विहीर मात्र बांधून मागितली, असं सांगतात.

वर्ध्यात त्यांना शाळेत घातलं. 1896 ते 1900 अशी जेमतेम चार वर्षं ते शिकले आणि मग दुकानाच्या गादीवर बसले. हिशेब, कापसाचा व्यापार, माणसांची पारख हे सगळं तिथेच झालं. तेराव्या वर्षी जानकीदेवींशी लग्न झालं. रोज हातखर्चाला मिळणारा रुपया साठवून 1906 साली नागपुरात टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी 100 रुपये पाठवले. सतरा वर्षांच्या मुलाने त्या काळी शंभर रुपये देणं म्हणजे काय, हे आपल्या वाणिज्य शाखेच्या मित्रांनी मोजून सांगावं.

त्यानंतरच्याच वर्षीची गोष्ट मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका लग्नाला जाताना आजोबांनी त्यांना दागिने घालायला सांगितलं. यांनी नकार दिला. म्हातारे संतापले, आणि ही सगळी दौलत कुणाची आहे हे त्यांनी नको त्या शब्दांत ऐकवलं. जमनालालजींनी स्टँपपेपरवर पत्र लिहिलं, संपत्तीवरचा सगळा हक्क सोडला आणि घराबाहेर पडले. पत्रात आजोबांविषयी राग नव्हता, ही त्यातली खरी कमाल. बच्छराजांनी त्यांना समजावून परत आणलं आणि लवकरच त्यांचं निधन झालं. इस्टेट यांच्याकडेच आली. पण एकदा कागदावर सोडलेलं धन आपलं कसं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. पुढे गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराने त्याला नाव दिलं एवढंच, मूळ गाठ सतराव्या वर्षीच बसली होती असं मला वाटतं.

आता शाळेकडे येते. 1910 च्या सुमारास त्यांनी वर्ध्यात मारवाडी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पाठोपाठ शाळा. नावातच मारवाडी होतं, आणि सुरुवातीचा हेतूही आपल्या समाजाच्या पोरांनी गल्ल्यापलीकडे काही शिकावं असाच होता. वय एकवीस-बावीस, स्वतःचं शिक्षण चौथी. ज्याला मिळालं नाही तो ते दुसऱ्याला देतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण व्यापाऱ्याच्या घरात मुलगा शाळेत बसणं म्हणजे दुकानातला एक हात कमी होणं. त्या काळात घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांना हे पटवणं सोपं नसणार. पुढे या कामाची शिक्षण मंडळ ही संस्था झाली. आपल्यातले कितीतरी जण जी. एस. कॉमर्सला किंवा जानकीदेवी बजाज सायन्स कॉलेजला गेले, ती दोन्ही त्याच संस्थेची.

1915 नंतर ते गांधीजींच्या सहवासात आले. सरकारने रायबहादुर केलं होतं, ते त्यांनी 1921 साली परत केलं. त्याआधी 1920 च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते, आणि तिथेच त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली: मला तुमचा पाचवा मुलगा माना. एकदा दत्तक गेलेला माणूस एकतिसाव्या वर्षी स्वतःहून पुन्हा दत्तक जायला निघाला. वकिली सोडणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. 1921 मध्येच विनोबांना वर्ध्यात आणलं. 1923 च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. काँग्रेसचे खजिनदार म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. हे सगळं आपण पुस्तकात वाचलेलं आहे, म्हणून थांबत नाही.

थांबते ते लक्ष्मीनारायण मंदिरापाशी. हे मंदिर बच्छराजांनी बांधलेलं, म्हणजे घरचंच. जुलै 1928 मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या सगळ्यांसाठी उघडलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा, त्याच्याही आधी. विरोध कुठून आला? ज्यांच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृह आणि शाळा काढली होती त्याच समाजातून. बहिष्काराला तोंड द्यावं लागलं. संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, देणगीदार नाराज होईल या भीतीने किती चांगली कामं फायलीत पडून राहतात. यांनी फाईल केलीच नाही. घरात जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने सोडले, विलायती कापड जाळलं. त्या माऊलीवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा, कारण नवऱ्याच्या प्रत्येक त्यागाचा अर्धा भार तिच्या स्वयंपाकघरावर पडत होता.

1934 मध्ये गांधीजी वर्ध्याला राहायला आले. जमनालालजींनी आपली बाग आणि घर ग्रामोद्योगाच्या कामाला दिलं, ते मगनवाडी. 1936 मध्ये गांधीजी शेगावला गेले. तेही जमनालालजींच्याच मालगुजारीतलं गाव, पुढे त्याचं सेवाग्राम झालं. देशभरातून माणसं यायची ती बजाजवाडीत उतरायची. जेवणाच्या पंगतीत कोण बसलंय याचा अंदाज वाढणाऱ्यांनाही नसायचा.

मग आला 1937. शाळेला पंचवीस वर्षं होत होती. ती एव्हाना सगळ्यांची झाली होती आणि तिचं नाव नवभारत विद्यालय होत होतं. आपण रौप्यमहोत्सव म्हटलं की मंडप, पाहुणे, बक्षीस समारंभ आणि रात्री नाटक असं धरून चालतो. यांनी काय केलं, तर त्या निमित्ताने देशातल्या शिक्षणाचं काय करायचं हे ठरवायला परिषद बोलावली. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937, अध्यक्ष गांधीजी. झाकीर हुसेन, विनोबा, काका कालेलकर, प्रफुल्लचंद्र राय, अर्थतज्ज्ञ के. टी. शहा आले. काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती, त्यामुळे बाळासाहेब खेर, रविशंकर शुक्ल अशी मंत्रिमंडळी आली. हे सगळं वर्ध्याच्या एका शाळेत घडलं.

प्रश्न पैशाचा होता. शिक्षणाचा खर्च बराचसा दारूवरच्या करातून चालायचा आणि गांधीजींना दारूबंदी हवी होती. मग सगळ्या मुलांना शिकवायचं कुठून? त्यांचं म्हणणं असं की शिक्षण हस्तोद्योगातून द्या, मुलांच्या हातून तयार झालेल्या मालातून शिक्षकांचा पगार निघू द्या. यावर परिषदेत चांगलाच वाद झाला. के. टी. शहांनी हरकत घेतली. झाकीर हुसेन यांनीही सावध केलं की उत्पन्नावर भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारा मुकादम होईल. तरीही शेवटी चार ठराव झाले: सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, मध्यभागी एखादा हस्तोद्योग, आणि हळूहळू शिक्षकांचा पगार त्यातून निघावा ही अपेक्षा. झाकीर हुसेन यांच्या समितीने सव्वा महिन्यात, 2 डिसेंबरला अहवाल दिला. हीच वर्धा योजना, नई तालीम.

त्या अहवालातलं वेळापत्रक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला वर्ग आठवला. रोज साडेपाच तास शाळा. त्यात मूळ उद्योग 3 तास 20 मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटं. मातृभाषा 40 मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान 30 मिनिटं. शारीरिक शिक्षण 10 मिनिटं. सुट्टी 10 मिनिटं. वर्षाचे कामाचे दिवस 288. दहा मिनिटांत आपल्या पीटीच्या सरांची रांगसुद्धा सरळ झाली नसती! आपली खो-खोची टीम, लेझीम पथक, गॅदरिंगआधीचा तो पंधरा दिवसांचा गोंधळ, यातलं काहीच या चौकटीत मावलं नसतं. कताई, शेती, बागकाम यांतून शरीर राबतंच, असा त्यामागचा विचार. पण राबणं आणि खेळणं एक नाही. दहा वर्षांच्या पोराला हरण्या-जिंकण्यासाठी धावायचं असतं, शेंगा तोडायला नाही. माझं या योजनेशी पहिलं भांडण हे. दुसरं भांडण पगाराचं, आणि तिथे मी झाकीर हुसेन यांच्या बाजूने आहे.

पण तिसरी गोष्ट आहे, आणि तिथे माझा विरोध गळतो. आपल्याला कार्यानुभवाच्या तासाला टकळी होती. पेळू तुटायचा, सूत गाठाळ यायचं, आणि हा तास कधी एकदा गणिताला देऊन टाकतात याची आपण वाट पाहायचो. टकळी आणि गणित यांचा संबंध आपल्याला कुणी दाखवला नाही. मूळ कल्पनेत तो संबंध हाच सगळा मुद्दा होता: सुताची लांबी आणि वजन यांतून गणित, कापसातून शेती आणि भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास. आपल्या काळात उद्योग वेगळ्या तासात गेला आणि पुस्तक वेगळ्या. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन येणारी मुलं मी रोज बघते. सगळी सूत्रं पाठ असतात, पण समोर बिघडलेली वस्तू ठेवली की हात थिजतात. एखादी चालती गोष्ट उघडून, मोडून, पुन्हा जोडायला दिली की तीच मुलं दोन महिन्यांत तयार होतात. दुकानाच्या गादीवर बसून शिकलेल्या जमनालालजींना हे कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. त्यांनी स्वतःची मुलंसुद्धा आधी विनोबांच्या हाताखाली दिली. मदालसाबाई तिथेच घडल्या, थोरले कमलनयन आश्रमातलं शिकून पुढे केंब्रिजला गेले.

परिषदेनंतर हिंदुस्तानी तालीमी संघ सेवाग्रामला निघाला आणि आर्यनायकम् पतिपत्नींनी तो वाढवला. जमनालालजी मात्र जयपूर संस्थानातल्या प्रजामंडळाच्या लढ्यात गुंतले, तिथे स्थानबद्ध झाले. 1940 मध्ये वर्ध्यात कॉमर्स कॉलेज सुरू झालं. चरख्याची योजना जन्माला घालणाऱ्या गावात तीन वर्षांत हिशेबाचं कॉलेज निघालं, यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. ते व्यापारी होते आणि व्यापार नीट शिकून करावा असंच त्यांना वाटत होतं. 1941 मध्ये धाकटा मुलगा रामकृष्ण वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात गेला, वय सतरा. आजोबांना पत्र लिहून घर सोडलं तेव्हा वडीलही सतरांचेच होते.

शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी गोसेवेचं काम घेतलं आणि बजाजवाडी सोडून गोपुरीला झोपडीत राहायला गेले. फेब्रुवारी 1942 च्या आरंभी वर्ध्यात गोसेवेची परिषद भरवली. दहा दिवसांनी, 11 फेब्रुवारीला, मेंदूत रक्तस्राव होऊन ते अचानक गेले. वय बावन्न. गोपुरीलाच दहन झालं. गोसेवेचं काम जानकीदेवींनी पुढे चालवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यात बसली आणि इंग्रजांनी जावं असा ठराव झाला. पाहुण्यांची व्यवस्था नेहमीप्रमाणे झाली, ती बघणारा माणूस मात्र नव्हता.