जोसेफ लिस्टर : हाडातल्या पुवाशी लढलेला सर्जन

तुमच्या घरातल्या कोणाचे हाड अपघातात मोडून कातडी फाडून बाहेर आले असेल, तर डॉक्टर आधी अँटिबायोटिक सुरू करतात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जखम सलाईनने भरपूर धुतात. हाड लगेच का बसवत नाहीत, असे नातेवाईक हमखास विचारतात. याचे उत्तर जोसेफ लिस्टर यांच्या आयुष्यात सापडते.

त्यांचा जन्म 5 एप्रिल 1827 चा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. वडील दारूचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारण्यात त्यांनी मोठे नाव कमावले. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे जग या मुलाला घरातच परिचयाचे झाले. लंडनला वैद्यकीचे शिक्षण झाल्यावर ते एडिंबरोला प्रसिद्ध सर्जन जेम्स साइम यांच्याकडे गेले आणि पुढे त्यांचे जावई झाले. 1860 मध्ये ग्लासगोला प्राध्यापक झाले.

त्या काळी जखमेत पू होणे साहजिक मानत, काही सर्जन तर ते चांगले लक्षण समजत. दोष द्यायचे दूषित हवेला. लिस्टर यांना मात्र एक गोष्ट खटकत होती. कातडी शाबूत असेल तर मोडलेले हाड निमूटपणे जुळते, पण कातडी फाटली की तेच हाड सडते. मग पाय कापणे किंवा मृत्यू. दोन्हीकडे हाड तसेच मोडलेले, मग फरक कशाचा? 1865 मध्ये लुई पाश्चर यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले आणि उत्तर मिळाले: फाटलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात.

12 ऑगस्ट 1865 रोजी जेम्स ग्रीनलीस हा अकरा वर्षांचा मुलगा ग्लासगोच्या इन्फर्मरीत आला. गाडीचे चाक पायावरून गेले होते, नडगीचे हाड मोडून जखम उघडी पडली होती. लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले कापड जखमेवर ठेवले. चार दिवसांनी पट्टी सोडली तर पू नाही! ॲसिडने कातडी थोडी पोळली, म्हणून पुढे ते पातळ करून वापरले. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले, पाय वाचला. 1867 मध्ये त्यांनी अशा 11 रुग्णांची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये छापली. त्यांतला एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला. हेही त्यांनी लपवले नाही, आणि मला वाटते लोकांचा विश्वास बसायला तेही कारण होते.

1877 मध्ये लंडनला आल्यावर त्यांनी मोठे धाडस केले. एका रुग्णाच्या गुडघ्याची वाटी फुटली होती, कातडी शाबूत होती. त्यांनी मुद्दाम सांधा उघडला आणि वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने जोडले. सांध्यात पू झाला असता तर पाय, कदाचित जीवही गेला असता. पण गुडघा बरा झाला. आज आपण रॉड, प्लेट, कृत्रिम सांधा बसवतो तो याच वाटेने.

धोका मात्र संपलेला नाही. धातूवर जंतू चिकट थर करून बसतात आणि तिथे औषध नीट पोहोचत नाही. म्हणून अँटिबायोटिक अनेकदा सहा आठवडे किंवा जास्त द्यावे लागते, मेलेले हाड काढावे लागते, कधी प्लेटसुद्धा. ऑपरेशननंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, ताप आला, टाक्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला, किंवा भरलेली जखम महिन्यांनी पुन्हा फुटली, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. वर हळद दाबून किंवा उरलेल्या गोळ्या खाऊन वाट पाहू नका. गोळ्यांमुळे तपासणीत जंतू सापडणेही अवघड होते.

लिस्टर ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवाराही मारत. हवेपेक्षा हात, अवजारे आणि कपडे यांतून जास्त जंतू येतात हे पटल्यावर 1890 च्या सुमारास त्यांनी तो स्वतःच सोडून दिला आणि जाहीर कबुलीही दिली. 1893 मध्ये पत्नी ॲग्नेस गेल्या. प्रयोगांच्या नोंदी वर्षानुवर्षे त्याच लिहून घेत असत. 10 फेब्रुवारी 1912 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, केंटमधल्या वॉल्मर गावी लिस्टर वारले.