लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड होती. ती शिकायला ते मुंबईला गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले.

थोरले भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. म्हणून पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. तरी लक्ष्मणराव खचले नाहीत.

१९१० साली औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले. तेथे निवडुंग आणि साप होते. लक्ष्मणराव, पत्नी राधाबाई, रामूअण्णा आणि कामगारांची कुटुंबे यांनी कष्टाने तेथे कारखाना व घरे उभी केली. हीच किर्लोस्करवाडी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज ट्रॅक्टरमागेही लोखंडी नांगर चालतो. त्याची भीती कोणालाच वाटत नाही.